क्यूच्या पानावरचा शब्द

माझ्या बाबांना इंग्रजी येत नाही. पण इंग्रजी शब्दांत कुठलं अक्षर कुठे बसतं, हे त्यांच्याइतकं तोंडपाठ असलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. एक्सने संपणारा चार अक्षरी शब्द विचारा, हातातलं काम न थांबवता सहा-सात सांगतील. त्यातल्या एखाद्याचा अर्थ विचारला, की म्हणतील, "तो मला कशाला विचारतेस? मी नुसता बसवला."

बाबा एकतीस वर्षं एका छापखान्यात कंपोझिटर होते. म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे आणि ओळीत लावायचे. शाळा सातवीत सुटली तेव्हा एबीसीडी झाली होती. तेवढ्या शिदोरीवर ते इंग्रजी कामाला बसले, कारण दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं.

छापखान्याच्या मालकांनी इंग्रजीचे खिळे एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणले होते. त्यात धाकट्या लिपीचे झेड पाच, क्यू चार आणि एक्स सात. एका पानात सहावा झेड आला, की काम अडलं. मग अर्धं पान छापायचं, खिळे मोकळे करायचे, उरलेलं अर्धं पुन्हा लावायचं. मालकांच्या कपाळावर आठ्या, मशीनवाल्याच्या तोंडात शिव्या. म्हणून बाबांनी एक वही सुरू केली. काळ्या पुठ्ठ्याची, लांबट. रविवारी रद्दीत आलेले छापील ताव घरी घेऊन यायचे आणि त्यातले अडचणीच्या अक्षरांचे शब्द वहीत उतरवायचे. झेडचं पान, जेचं पान, एक्सचं पान. क्यूची दोन पानं होती. एक, ज्यांत क्यूच्या मागोमाग यू येतो अशांचं. ते पान गच्च भरलेलं. दुसरं, ज्यांत यू येत नाही अशांचं. त्यावर सगळे मिळून नऊ शब्द. प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या कामात आला त्याची बारीक खूण.

आईला ही वही मुळीच आवडायची नाही. "आठवडाभर तिथे अक्षरं उचलता, रविवारी घरी आणून मोजता. दोन अक्षरं माझ्याशी बोललात तर जीभ झिजेल का?" असं ती म्हणायची, आणि चहाचा कप वहीपासून चांगला हातभर लांब ठेवायची. डाग पडला तर तिलाच वाईट वाटलं असतं.

काही वर्षांनी बाबा हस्तलिखित नुसतं चाळून सांगायला लागले, "अमुक पानावर अडणार." आणि तिथेच अडायचं. मालक आल्यागेल्याला सांगायचे, "याने जुळवलेल्याला प्रूफ लागत नाही." हे वाक्य बाबांनी घरी एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं. पण ते बोलताना त्यांनी सदऱ्याची कॉलर नीट केली होती, ते मला आठवतं.

पुढे संगणक आले आणि खिळे वजनावर विकले गेले. बाबांनी नंतर एका रुग्णालयात फाइली लावायचं काम केलं, आणि मग घरी बसले. वही कपाटात वरच्या फळीवर गेली.

ती खाली आली ती माझ्यामुळे. मी एका दातांच्या दवाखान्यात रुग्णांना वेळा देण्याचं काम करते. शनिवारी दुपारी आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत शब्दखेळाचा क्लब भरतो. सात अक्षरांचे ठोकळे हातात घ्यायचे आणि पटावर इंग्रजी शब्द लावायचे. जितकं अक्षर दुर्मीळ तितके त्याचे गुण जास्त. मी नवखी होते, म्हणून घरी सराव करायचे. एका संध्याकाळी जे आणि एक्स एकदमच माझ्या बोकांडी बसले. बाबा शेजारी मटार सोलत होते. मी आपलं स्वतःशीच म्हटलं, "जे आणि एक्स दोन्ही असलेला शब्द असतो तरी का?"

"जे-आय-एन-एक्स," बाबा म्हणाले. "एका जाहिरातीत आला होता."

"कसली जाहिरात?"

"ते जाहिरात देणाऱ्याला ठाऊक."

मी कोश उघडला. शब्द होता. मी बाबांकडे बघतच राहिले आणि त्यांनी आणखी एक शेंग सोलली. पुढच्या शनिवारी मी त्यांना क्लबात घेऊन गेले. आईने त्यांना इस्त्रीचा सदरा काढून दिला आणि मला बजावलं, "तिथे त्यांना कुणी हसलं तर उठून यायचं."

हसलं कुणी नाही, पण बुचकळ्यात सगळेच पडले. क्लबात आम्ही नऊ जण होतो. कोश ज्यांच्या मांडीवर असायचा त्या बाईंना आम्ही पंचबाई म्हणायचो. अडतीस वर्षं त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं. बाबा पहिल्याच दिवशी दोन डाव जिंकले, आणि बाईंनी सहज एका शब्दाचा अर्थ विचारला.

"मला नाही ठाऊक, बाई. मला इंग्रजी येत नाही."

बाईंना वाटलं, थट्टा चाललीय. नाही हे कळल्यावर त्या जरा खट्टू झाल्या. "खेळाच्या नियमात अर्थ लागत नाही, हे खरं," त्या म्हणाल्या. "पण शब्द ओळखीचा असणं वेगळं आणि शब्द येणं वेगळं."

"बरोबर आहे बाई," बाबा म्हणाले आणि पुढचा शब्द लावला.

असं वर्षभर चाललं. बाबांचा शनिवार ठरून गेला. वही ते सोबत आणायचे नाहीत, त्याची गरजच नव्हती. मला मात्र मधूनमधून चुटपुट लागायची. एवढे हजार-बाराशे शब्द एका माणसाच्या डोक्यात, आणि सगळे बंद पाकिटांसारखे. एकदा मी म्हटलं, "बाबा, आता वेळ आहे, रोज पाच अर्थ सांगते." ते म्हणाले, "या वयात एवढ्या जणांशी ओळख करून घ्यायची? राहू दे." मी तो विषय सोडला.

मग वार्षिक सामना आला. शेवटच्या फेरीत बाबा आणि कोपऱ्यावरचे औषधवाले समोरासमोर आले. औषधवाले तरबेज खेळाडू. औषधांची नावं वाचून वाचून त्यांची जीभ कशालाच अडखळत नसे. आम्ही बाकीचे भोवती उभे. डाव संपत आला होता, बाबा नऊ गुणांनी पुढे होते, आणि त्यांच्या हातात क्यू अडकला होता. यूचे चारही ठोकळे पटावर लागून गेले होते. औषधवाल्यांनी तेवढ्यात पाण्याचा घोट घेतला, म्हणजे क्यू अडकल्याचा त्यांना अंदाज आला होता.

बाबांनी मात्र शांतपणे पटावरच्या एका एलच्या आधी चार ठोकळे ठेवले. क्यू, एन, ए, आय. आणि हात मांडीवर घेतले.

"हरकत," औषधवाले म्हणाले.

पंचबाईंनी कोश उघडला. मग दुसरा, जाडा कोश उघडला. "असा शब्द नाही," त्या म्हणाल्या.

"आहे बाई. छापलेला आहे. मीच लावलाय."

"तुमचा क्वेल झाला असेल. क्यू-यू-ए-आय-एल. म्हणजे लावा पक्षी."

"यूवाला वेगळा. तो माझ्या पहिल्या पानावर आहे. हा दुसऱ्या पानावरचा, एनवाला."

"अहो, क्यूच्या पुढे एन इंग्रजीत येतच नाही."

"नाइफला आधी के लावतात, तो कुठे उच्चारतात? मग हा का नसावा? कोश छापणाऱ्याकडून राहिला असेल."

कुणीतरी हसलं. बाबांचे कान लाल झाले होते. त्यांना मी कधी वाद घालताना पाहिलेलं नव्हतं. मी त्यांची बाही ओढून हळूच म्हटलं, "बाबा, जाऊ द्या ना आता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं एवढंच होतं की तूसुद्धा? मग त्यांनी एकेक करून चारही ठोकळे उचलले. पाळी गेली. क्यू शेवटपर्यंत हातातच राहिला, त्याचे गुण वजा झाले, आणि बाबा हरले.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "इंग्रजी येत नाही आणि इंग्रजीत हरून आले! यात रडण्यासारखं काय आहे?" एरवी यावर बाबा हसले असते. त्या दिवशी त्यांनी स्टूल घेतलं आणि वही खाली काढली.

रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. क्यूच्या दुसऱ्या पानावर तो शब्द होता, त्याच्यापुढे शाईने काढलेली चांदणी, आणि खूण: 'पक्षी, पा. १७'. ते पक्ष्यांबद्दलचं इंग्रजी पुस्तक होतं. एका विज्ञानाच्या शिक्षकांनी स्वतः लिहून, स्वतःच छापून घेतलं होतं. तीनशे प्रती.

"पक्षी?" मी म्हटलं. पंचबाईंचा लावा पक्षी मला आठवला. त्यांनी वही मिटली.

सोमवारी दवाखाना उघडण्याआधी आम्ही वाचनालयात गेलो. पुस्तक मिळालं. पातळ, हिरव्या पुठ्ठ्याचं, एक्केचाळीस पानांचं. आतल्या चिठ्ठीवर तारखेचा एकही शिक्का नव्हता. ते कुणी घरी नेलंच नव्हतं. बाबांनी सतरावं पान उघडलं आणि खिडकीपाशी नेलं. पानावर लाव्याचं छोटं रेखाचित्र होतं. लाव्याचा इंग्रजी शब्द पाच वेळा आला होता. चार वेळा बरोबर, यू लावून. पाचव्यावर बाबांनी नख ठेवलं.

"हा एन नाहीच," ते म्हणाले. "हा यू आहे. उलटा बसलाय."

मला दोन्ही सारखेच दिसत होते. त्यांनी शेजारच्या ओळीतला खरा एन दाखवला. "त्याच्या पायांना दोन्ही बाजूंना टाचा आहेत. याच्या बघ, एकाच बाजूला." मग ते बराच वेळ स्वतःच्या डाव्या अंगठ्याकडे बघत राहिले. "खिळ्याला एका अंगाला खाच असते. ती अंगठ्याला लागली की समजायचं, खिळा सरळ आहे. बघायला नाही लागत. त्या महिन्यात माझा अंगठा मशीनमध्ये चिमटला होता. बोटभर पट्टी बांधलेली. तिला खाच काय कळणार?"

"म्हणजे तुमचीच…"

"माझीच. मीच चूक केली, मीच रद्दीतून ती घरी आणली, आणि चांदणी काढून जपून ठेवली."

मी म्हटलं, "बाबा, तीनशे प्रतींत एक अक्षर. बत्तीस वर्षं झाली. कुणाच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही."

"म्हणून तर," ते म्हणाले.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर लेखकाचा पत्ता होता. बाबा म्हणाले, जायचं. मी खूप समजावलं. माणूस असेल-नसेल, घर बदललं असेल, आणि जाऊन सांगायचं तरी काय? पण शनिवारी ओढलेली ती बाही माझ्या बोटांना अजून जाणवत होती. मी दवाखान्यात फोन करून दुपारपर्यंत सुट्टी घेतली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पहिल्या मजल्याचं घर. दार लेखकाच्या सुनेने उघडलं. सर खिडकीशी खुर्चीत बसले होते, चौऱ्याऐंशी वर्षांचे, ताठ. त्यांनी मान थोडी वळवून आमच्याकडे तिरकं पाहिलं. सून म्हणाली, "मधलं दिसत नाही त्यांना, कडेचं दिसतं. वाचणं बंद होऊन चार वर्षं झाली."

बाबा बसले नाहीत. दारातून दोन पावलं आत येऊन, चपराशी साहेबापुढे उभा राहतो तसे उभे राहिले. "सर, तुमचं पक्ष्यांचं पुस्तक मी जुळवलं होतं. छापखान्यात. त्यात माझ्या हातून एक चूक राहिलीय. ती सांगायला आलोय."

"पक्ष्यांचं पुस्तक," सर म्हणाले, जणू जुन्या गावाचं नाव ऐकलं. "कुठली चूक?"

"पान सतरा. खालून सहावी ओळ. लाव्याचा यू उलटा बसलाय. तो एन दिसतो."

 सरांचे ओठ हलत होते, बहुतेक अक्षरं जुळवत होते. मग ते एवढ्या जोरात हसले, की सून आतून धावत आली. "प्रूफ मी तपासलं होतं हो! तीन वेळा! मला तो लावाच दिसत राहिला, अक्षराकडे कोण बघतोय! बसा, बसा. चूक अर्धी माझी."

"जुळवणाऱ्याची पूर्ण असते, सर."

"बरं, मग माझीही पूर्ण. आता तरी बसा." बाबा खुर्चीच्या कडेवर टेकले. सर म्हणाले, "तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षांत या पुस्तकाबद्दल बोलायला माझ्या दारात कुणी आलेलं नाही. दीडशे प्रती आत ट्रंकेत पडल्यात. तुम्ही पहिले वाचक. आणि वाचक तरी कसा, सहावी ओळ पकडणारा!"

मला वाटलं, आता हे एवढ्यावर सुखाने संपेल. पण बाबा म्हणाले, "मी वाचलेलं नाही, सर. मला इंग्रजी येत नाही."

खाली दुकानात कुणीतरी सायकलची घंटी वाजवून बघत होतं. सरांनी मान तिरकी करून बाबांकडे पाहिलं.

"सगळं पुस्तक तुम्ही लावलंत?"

"सगळं."

"आणि मी काय लिहिलंय, ते तुम्हाला…"

"चित्रं होती, त्यावरून पक्षी आहेत एवढं कळलं."

सरांनी सुनेला एक प्रत आणायला सांगितली. ती हातात घेऊन त्यांनी पानं चाळली, सतराव्याच्या आसपास थांबले आणि पुस्तक परत मिटलं. "सांगितलं असतं तुम्हाला काय आहे ते. पण माझं मला आठवत नाही सगळं, आणि पान दिसत नाही."

"मला दिसतं," बाबा म्हणाले.

त्यांनी पुस्तक घेतलं, सतरावं पान उघडलं आणि पहिला शब्द सुटा सुटा सांगितला: "टी-एच-ई." सर म्हणाले, "द." बाबा म्हणाले, "क्यू-यू-ए-आय-एल." सर म्हणाले, "क्वेल. पुढे." मी दोघांच्या मधे बसून होते, आणि मला इंग्रजी येत होतं, पण एकदाही तोंड उघडावंसं वाटलं नाही. ओळ संपली की सर तिचा अर्थ सांगायचे, मग तो पक्षी आपण कुठे पाहिला, पायात बूट कसले होते, बरोबर कोण होतं, हेही सांगायचे. लावा शक्यतो उडत नाही, गवतातून पळतो, आणि माणूस अगदी पायाशी येईपर्यंत जागचा हलत नाही.

"असं लिहिलंय इथे?" बाबांनी विचारलं. "पायाशी येईपर्यंत?"

"तुम्हीच लावलंय," सर म्हणाले.

बाबांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. पुढचा शब्द त्यांनी दोनदा सांगितला.

रात्री जेवताना त्यांनी आईला लाव्याची सगळी माहिती दिली. आई म्हणाली, "एवढं तुम्ही आपल्या लग्नाबद्दलसुद्धा बोलला नव्हतात." पण तिने मधे थांबवलं नाही, आणि तो अंडी किती घालतो तेही विचारलं. ते अठराव्या पानावर असेल, असं बाबा म्हणाले.

पुढच्या गुरुवारी ते एकटेच गेले, सोबत बारीक टोकाचा पेन घेऊन. ट्रंकेतल्या दीडशे प्रती दुरुस्त करायच्या म्हणाले. सर म्हणाले, "राहू द्या हो, कोण बघणार?" बाबा म्हणाले, "माझ्या हाताला बरं वाटेल." पाच गुरुवार लागले. वाचनालयाची प्रत मात्र अडून बसली. ग्रंथपाल म्हणाले, पुस्तकात लिहायला सक्त मनाई आहे. बाबांनी त्यांना तिथे उभं राहून उलटा यू आणि सरळ एन यांतला फरक समजावला. अर्ध्या तासाने ग्रंथपाल कंटाळून म्हणाले, "मी चहाला जातो. परत आल्यावर मी ते पुस्तक उघडून बघणार नाही."

बाबांनी पंचबाईंनाही सांगितलं, भर क्लबात, सगळ्यांसमोर. "बाई, कोश बरोबर होता. शब्द माझ्या अंगठ्याने काढला होता." औषधवाले टेबलाकडे बघत राहिले. पंचबाईंनी चष्मा काढून पुसला. "मी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या," त्या म्हणाल्या. "माझं काय काय उलटं बसलं असेल, ते बघायला मी कधी गेले नाही." मग त्यांनी ठोकळ्यांची पिशवी बाबांपुढे केली. "घ्या. तुमची पाळी."

बाबांना आता इंग्रजी येतं असं मी म्हणणार नाही. वहीतल्या शब्दांपुढे ते आता अर्थ लिहितात, पण फक्त सरांकडून कळलेल्यांचे. कोशातून उतरवत नाहीत. त्यामुळे वेळ लागतो. खेळातही ते आधीपेक्षा जास्त हरतात, कारण एखादा शब्द लावताना मधेच थांबतात. परवा मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही. याचा अर्थ वाईट आहे."

दर गुरुवारी सकाळी ते सरांकडे जातात. बाबा अक्षरं सांगतात, सर त्यांचा शब्द करतात आणि मग अर्थ. एका पानाला पाऊण तास लागतो, मधे चहा. हिरवं पुस्तक मार्चमध्ये संपलं.  मग सरांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक जाडजूड पुस्तक काढायला लावलं. ते त्यांना निवृत्तीच्या दिवशी मिळालं होतं, समुद्रातल्या माशांबद्दलचं, आणि कधी उघडायचं झालंच नव्हतं. सहाशे चाळीस पानं आहेत. बाबांनी हिशेब केला आणि सरांना म्हणाले, गुरुवार पुरणार नाही, सोमवारीही येतो.